गोल्डीलॉक्सच्या गोष्टीतून इंग्रजी शिकवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

गोष्टीतून इंग्रजी शिकवायचं म्हणजे एक वाक्य इंग्रजीत वाचायचं आणि लगेच त्याचं मराठी सांगायचं, अशी पद्धत बऱ्याच वर्गांत दिसते. मुलं रमतात, शेवटी टाळ्याही वाजवतात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सगळी गोष्ट मराठीत घडाघडा सांगतात, पण इंग्रजीचं एक वाक्यही तोंडात येत नाही. यात मुलांचा दोष नाही. पाठोपाठ मराठी येणारच आहे हे त्यांना दुसऱ्याच वाक्याला कळतं आणि तिथून पुढे ती इंग्रजीकडे कान देत नाहीत.

ही चूक टाळून गोष्ट कशी शिकवायची ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. ५ ते ८ वर्षांची, इंग्रजी नुकतंच सुरू झालेली मुलं डोळ्यांसमोर आहेत. गोष्ट घेतली आहे गोल्डीलॉक्स आणि तीन अस्वलांची, कारण तिच्यात एकच वाक्य वाडग्याला, खुर्चीला आणि पलंगाला थोड्याथोड्या फरकाने पुन्हा पुन्हा लागतं. साधारण अर्ध्या तासाच्या सहा तासिका धरा. घरी एक-दोन मुलांना शिकवत असाल तर वेळ कमी लागेल, क्रम तोच राहील.

क्रम असा: आधी ऐकून समजणं, मग सोबत म्हणणं, मग स्वतः बोलणं, मग वाचणं आणि सगळ्यात शेवटी लिहिणं. मधला टप्पा गाळला की पुढचा अडतो. बहुतेक वर्गांमध्ये पहिला टप्पा उरकून थेट चौथ्यावर उडी मारली जाते आणि घोळ तिथेच होतो.

टप्पा १: गोष्ट छाटून घ्या

पुस्तकातली गोष्ट जशीच्या तशी वर्गात नेऊ नका. छापील गोष्टींमध्ये जंगलाचं वर्णन, मुलीच्या केसांचं वर्णन, अस्वलांच्या घराचं कौतुक असं बरंच काही असतं. नवख्या मुलाच्या कानाला तो नुसता गोंगाट वाटतो. बदल करायला संकोचू नका. ही गोष्ट मुळात एकाच रूपात टिकलेली नाही. इंग्रज कवी रॉबर्ट साउदीने १८३७ मध्ये छापलेल्या रूपात तर अस्वलांच्या घरात शिरणारी सोनेरी केसांची मुलगी नव्हती, एक म्हातारी होती.

छाटताना आधी ठरवा की मुलांच्या तोंडी नेमकं काय यायला हवं. माझ्या मते एवढं पुरे:

वाक्यांचे साचे तीन. 'दिस पॉरिज इज टू हॉट.' 'दिस चेअर इज जस्ट राइट.' 'हूज बीन स्लीपिंग इन माय बेड?'

वस्तू तीन: बोल, चेअर, बेड. गुण सात: बिग, मीडियम, लिटल, हॉट, कोल्ड, हार्ड, सॉफ्ट. पात्रं चार. पॉरिज (लापशी) हा एक नवा शब्द.

बाकीचे शब्द गोष्टीत येतील, मुलांना कळतीलही, पण ते त्यांच्याकडून वदवून घ्यायचे नाहीत.

वर्गात सांगायला पुढची संहिता वापरा. उच्चार कळावेत म्हणून ती इथे देवनागरीत आहे. मुलांसमोर मात्र इंग्रजी शब्द इंग्रजी लिपीतच लिहायचे. शब्दाखाली देवनागरी लिहिली की मुलं तीच वाचतात आणि इंग्रजी अक्षरांकडे बघत नाहीत.

'वन मॉर्निंग, थ्री बेअर्स मेड पॉरिज. बिग पापा बेअर, मीडियम ममा बेअर, लिटल बेबी बेअर. द पॉरिज वॉज हॉट, सो दे वेंट फॉर अ वॉक.

अ गर्ल केम टू द हाउस. हर नेम वॉज गोल्डीलॉक्स. नॉक, नॉक, नॉक. नो ॲन्सर. शी वेंट इन.

शी सॉ थ्री बोल्स. शी ट्राइड द बिग बोल. दिस पॉरिज इज टू हॉट! शी ट्राइड द मीडियम बोल. दिस पॉरिज इज टू कोल्ड! शी ट्राइड द लिटल बोल. दिस पॉरिज इज जस्ट राइट! अँड शी एट इट ऑल अप.

शी सॉ थ्री चेअर्स. शी ट्राइड द बिग चेअर. दिस चेअर इज टू हार्ड! शी ट्राइड द मीडियम चेअर. दिस चेअर इज टू सॉफ्ट! शी ट्राइड द लिटल चेअर. दिस चेअर इज जस्ट राइट! क्रॅक! द चेअर ब्रोक.

शी सॉ थ्री बेड्स. दिस बेड इज टू हार्ड! दिस बेड इज टू सॉफ्ट! दिस बेड इज जस्ट राइट! अँड शी फेल अस्लीप.

द थ्री बेअर्स केम होम. हूज बीन ईटिंग माय पॉरिज? सेड पापा बेअर. हूज बीन ईटिंग माय पॉरिज? सेड ममा बेअर. हूज बीन ईटिंग माय पॉरिज? सेड बेबी बेअर. इट्स ऑल गॉन!

हूज बीन सिटिंग इन माय चेअर? (तिघे पाळीपाळीने) इट्स ब्रोकन! हूज बीन स्लीपिंग इन माय बेड? (तिघे पाळीपाळीने) शी इज स्टिल हिअर!

गोल्डीलॉक्स वोक अप. शी सॉ द थ्री बेअर्स. शी जम्प्ट अप, अँड शी रॅन, रॅन, रॅन.'

पलंगाला मुद्दाम खुर्चीचेच दोन गुण ठेवले आहेत. पुस्तकांमध्ये तिथे वेगळे शब्द सापडतील. पण तिसऱ्या वस्तूला शब्द ओळखीचे असले की मुलं न सांगता सोबत बोलू लागतात, आणि आपल्याला तेच हवं आहे.

सावधान: गोष्ट सांगताना भूतकाळ काढून टाकून 'शी गो इन, शी सी थ्री बोल' असं सोपं करू नका. ते सोपं नाही, चुकीचं आहे आणि कानात बसलं की काढणं अवघड जातं. वाक्यं छोटी करा, मोडू नका.

टप्पा २: साहित्य, आवाज आणि उच्चार

नऊ कार्डं लागतील: तीन वाडगे, तीन खुर्च्या, तीन पलंग. शिवाय चार पात्रांची चार. चित्र सुबक नसलं तरी चालेल, आकारातला फरक मात्र शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे. लहान वाडगा तळहाताएवढा आणि मोठा वहीच्या पूर्ण पानाएवढा असेल तर 'मीडियम' आपोआप कळतं. कार्डांवर काहीही लिहू नका. अक्षरं दिसली की काही मुलं चित्र सोडून वाचायला लागतात, आणि ज्यांना वाचता येत नाही ती मागे सरतात. गरम वाडग्यावर वाफ काढा. थंड वाडग्याला वाफ नको.

तीन अस्वलांचे तीन आवाज ठरवा: खर्जातला, नेहमीचा आणि बारीक. ते शेवटपर्यंत बदलू नका. मुलं आवाजावरून पात्र ओळखतात, म्हणजे 'सेड पापा बेअर' हे शब्द कळले नाहीत तरी गोष्ट हातची जात नाही.

हातवारेही ठरवून ठेवा. हॉट म्हणजे बोट चटकन मागे घेऊन फुंकर. कोल्ड म्हणजे अंग आक्रसून शहारा. हार्ड म्हणजे बाकावर मूठ आपटणं, सॉफ्ट म्हणजे हात उशीत रुतल्यासारखा खाली जाणं. जस्ट राइट म्हणजे डोळे मिटून समाधानाचा सुस्कारा आणि अंगठा वर. एका शब्दाला एकच हातवारा. ऐनवेळी सुचेल तसा बदललात तर मुलं गोंधळतात.

'टू' या शब्दाकडे खास लक्ष द्या. मराठीत आपण 'खूप गरम' दोन्ही अर्थांनी म्हणतो, कौतुकानेही आणि तक्रारीनेही. इथे फक्त तक्रार आहे: इतकं गरम की खाताच येत नाही. ते शब्दांत समजावू नका. चमचा तोंडाजवळ न्या, 'टूऽऽ हॉट' म्हणून वाडगा दूर सारा. दूर सारणं दिसलं की अर्थ कळतो.

काही उच्चार आधी स्वतःच्या तोंडात बसवून घ्या. आपण जे बोलू तेच मुलं उचलतात.

बेअर आणि चेअर यांत 'ए'कडे झुकणारा स्वर आहे. घाईत त्याचं बिअर आणि चिअर होतं. वाडग्याला आपल्याकडे 'बाउल' म्हणायची सवय आहे, इंग्रजी उच्चार मात्र बोल. बेड आणि बॅड वेगळे ठेवा. जम्प्ट हा एका दमात येणारा उच्चार आहे, 'जंपेड' नाही. 'हूज बीन ईटिंग' एका ओघात म्हणा, प्रत्येक शब्दावर थांबलात तर त्याची लय जाते.

तपासणी: संहिता न बघता, हातवारे आणि आवाजांसह, एकदा मोठ्याने सांगून बघा. पाच ते सात मिनिटं लागायला हवीत. तीनच मिनिटांत संपली तर तुम्ही घाई करताय. संहिता अडखळत असेल तर वर्गात पुस्तक हातात घ्यावं लागेल, पुस्तक हातात आलं की नजर मुलांवरून खाली जाते, आणि मुलांचे चेहरे वाचता आले नाहीत तर कुठे थांबायचं ते कळत नाही. म्हणून पाठांतर करा.

टप्पा ३: गोष्टीआधीची दहा मिनिटं

गोष्टीआधी फक्त सहा शब्द पक्के करायचे: हॉट, कोल्ड, हार्ड, सॉफ्ट, बिग, लिटल. तेही ऐकून कृती करण्यापुरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी मांडलेली 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत इथे चपखल बसते: शिक्षकाने सूचना बोलायची, मुलांनी शरीराने उत्तर द्यायचं, बोलायची सक्ती नाही.

१. तुम्ही म्हणा 'हॉट' आणि स्वतः हातवारा करा. मुलं बघून करतील. सहाही शब्द असे दोनदा घ्या.

२. आता शब्द म्हणा, पण हातवारा अर्ध्या क्षणाने उशिरा करा. बरीच मुलं तुमच्या आधी करतील.

३. हात खाली ठेवा. फक्त शब्द. क्रम बदलत राहा.

४. डोळे मिटायला सांगून तेच करा. शेजारच्याचं बघून करणारी मुलं इथे दिसतात. त्यांना टोकू नका, त्यांच्यासाठी तिसरी पायरी आणखी एकदा घ्या.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फळ्यावर शब्द, समोर मराठी अर्थ आणि 'रिपीट आफ्टर मी'. त्याने आवाज मोठा निघतो, पण अर्थ कळल्याचा काहीच पुरावा मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे गोष्टीतले सगळे शब्द आधीच शिकवून टाकणं. मग गोष्टीत शोधायला काही उरत नाही. पॉरिज, ब्रोक, अस्लीप हे शब्द गोष्टीसाठी राखून ठेवा. चित्र आणि प्रसंग ते शिकवतील.

टप्पा ४: पहिल्यांदा सांगणं

मुलांना जवळ, अर्धवर्तुळात बसवा. कार्डं उलटी ठेवा आणि जसजसा प्रसंग येईल तसतशी उलगडा. या पहिल्या वेळी प्रश्न नाहीत, भाषांतर नाही, 'कळलं का?' नाही. गोष्ट अखंड जाऊ द्या.

वेग सगळीकडे सारखा नको. चालत गेली, घरात शिरली, हे पटकन उरका. पहिल्या वाडग्याशी मात्र थांबा. वाडग्याकडे बघा, मुलांकडे बघा, चमचा उचला, तोंडाजवळ न्या आणि मगच वाक्य म्हणा. दुसरा वाडगा थोडा लवकर. तिसऱ्याला 'जस्ट राइट' म्हणायच्या आधी पुन्हा थांबा. खुर्ची मोडण्याचा आवाज टाळीने काढला तर मुलं दचकून हसतात आणि 'ब्रोक' हा शब्द विसरत नाहीत.

मुलं मधे मराठीत बोलणार. 'ती दुसऱ्याच्या घरात कशी गेली?', 'अस्वल तिला खाणार का?' ही उत्तम खूण आहे: मूल गोष्टीच्या आत आहे. त्याला गप्प करू नका आणि 'स्पीक इन इंग्लिश' तर मुळीच म्हणू नका. त्याचं म्हणणं ऐका आणि छोट्या इंग्रजीत उत्तर द्या: चेहऱ्यावर काळजी आणून 'आय डोंट नो! लेट्स सी.' मुलाने मराठीत बोलावं, तुम्ही इंग्रजीत राहावं. या टप्प्यावर एवढी वाटणी पुरेशी आहे.

तुम्ही मराठी कधी वापरायची? नवीन खेळाचे नियम पहिल्यांदा सांगताना. एखादं मूल घाबरलं, रडलं, तर लगेच आणि मनापासून. आणि तासिका संपताना एकदा, 'काय काय झालं गोष्टीत?' असं विचारून त्यांना मराठीत सांगू देताना. गोष्टीच्या मध्यात मात्र नाही.

तपासणी: गोष्ट संपल्यावर नऊ कार्डं मिसळून मांडा. 'शो मी बेबी बेअर्स चेअर.' 'शो मी द हॉट पॉरिज.' मुलांनी बोट दाखवायचं, बोलायचं नाही. बहुतेक मुलं बरोबर दाखवत असतील तर पुढे चला. निम्मीच दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी गोष्ट पुन्हा याच पद्धतीने सांगा. घाईने पुढे गेलात तर पाचव्या टप्प्यावर सगळा वर्ग दोन-तीन हुशार मुलांच्या तोंडाकडे बघत बसेल.

टप्पा ५: पुन्हा सांगणं आणि मुलांना शिरकाव देणं

एकदा सांगून झालेली गोष्ट बाजूला ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मोठ्यांना पुनरावृत्तीचा कंटाळा येतो, लहानांना येत नाही. पुढे काय होणार हे माहीत असतं तेव्हाच मुलाला भाषेकडे लक्ष द्यायला सवड मिळते. गोष्ट आधी मराठीत ऐकलेली असली तर फारच उत्तम, प्रसंग समजून घेण्याचं ओझं कमी होतं.

पण दर वेळी मुलांना नवं काम हवं. असं करा:

दुसऱ्यांदा सांगताना मुलं फक्त हातवारे करतील. तुम्ही 'टू हॉट' म्हणालात की सगळा वर्ग बोट मागे घेईल.

तिसऱ्यांदा सांगताना वाक्य अर्धवट सोडा. 'दिस पॉरिज इज टूऽऽ...' आणि थांबा. हातवारा करा, भुवया उंच करा, मनात चारपर्यंत मोजा. हे चार आकडे फार लांब वाटतात आणि बहुतेक शिक्षक दोनवरच शब्द बोलून मोकळे होतात. थांबा. आधी एखादा आवाज येईल, मग आणखी चार, मग सगळे. आवाज आला की 'व्हेरी गुड' म्हणून गोष्ट तोडू नका. होकारार्थी मान हलवा आणि त्याच सुरात पुढे जा. आधी शेवटचा शब्द सोडा, मग शेवटचे दोन, मग पूर्ण वाक्य.

चौथ्यांदा सांगताना मुद्दाम चुका. बारीक आवाजात म्हणा, 'आय ॲम पापा बेअर.' किंवा वाफेच्या कार्डाकडे बोट करून 'टू कोल्ड!' म्हणा. मुलं 'नोऽऽ' ओरडतील. 'नो? टू...?' असं विचारून बरोबर शब्द त्यांच्याकडून घ्या. शिक्षकाला दुरुस्त करण्यात मुलांना जो आनंद मिळतो त्यात लाजरी मुलंही बोलून जातात. एका वेळी चार-पाच चुका पुरे, जास्त केल्या तर गोष्टच हरवते.

'हूज बीन ईटिंग माय पॉरिज?' हे वाक्य व्याकरणाने अवघड आहे, म्हणून काही जण ते काढून 'हू एट माय पॉरिज?' असं करतात. चालेल, पण मी काढत नाही. त्याची लय इतकी पक्की आहे की मुलं ते एक अख्खा शब्द असल्यासारखं उचलतात. काळ समजावू नका, शब्द सुटे करू नका. 'ई', 'पॉ' वर जोर देऊन, मांडीवर ताल धरत तीन आवाजांत तीनदा म्हणा. ईटिंग, सिटिंग, स्लीपिंग हा बदल मुलं स्वतःच पकडतात.

सावधान: सोबत म्हणणं म्हणजे बोलता येणं नव्हे. समूहात सगळा वर्ग दणक्यात म्हणतो आणि एकट्याला विचारलं की गप्प होतो. याने निराश होऊ नका आणि अजून कोणालाही एकट्याला उभं करू नका.

टप्पा ६: गटात नाटक

चार जणांना पुढे बोलावून बाकी सव्वीस जणांना प्रेक्षक करणं ही सवय सोडा. त्यात प्रत्येक मुलाला बोलायला फार तर मिनिटभर मिळतं. वर्गात चार-चारचे गट करा आणि सगळे गट एकाच वेळी नाटक करू द्या. गोंगाट होईल, तो कामाचा गोंगाट आहे. तुम्ही निवेदन करा, संवाद मुलांचे.

भूमिका बदलत ठेवा, नाहीतर एकच धीट मूल दर वेळी गोल्डीलॉक्स होतं आणि सगळी वाक्यं त्याच्या वाट्याला जातात. तोंडावर मुखवटे नकोत, आवाज दबतो आणि ओठ दिसत नाहीत. कागदी पट्टीवर कान चिकटवून डोक्याला बांधा.

न बोलणाऱ्या मुलाला ओढून बोलतं करू नका. नवी भाषा ऐकत राहून बराच काळ गप्प राहणं ही काही मुलांची शिकण्याचीच रीत असते. त्याला दार व्हायला सांगा, 'नॉक, नॉक' त्याच्यावरच करायचं. किंवा मोडणारी खुर्ची, जिला फक्त 'क्रॅक' म्हणायचं आहे. पुढच्या फेरीत 'शी इज स्टिल हिअर' हे वाक्य तिघांनी मिळून म्हणायचं ठेवा, त्यात त्यालाही घ्या.

चुकांचं काय करायचं? समजा एक मूल उत्साहाने म्हणालं, 'बेबी चेअर ब्रोक!' अर्थ पोहोचला. 'असं नाही, पुन्हा म्हण' म्हणालात तर पुढच्या वेळी ते तोंड उघडताना विचार करेल. त्याऐवजी तेवढ्याच उत्साहाने म्हणा, 'येस! बेबी बेअर्स चेअर ब्रोक! ओ नो!' बरोबर रूप त्याच्या कानावर गेलं, त्याचा मान राहिला आणि संभाषण चालू राहिलं. त्याने लगेच तसंच म्हणावं अशी अपेक्षा नको. एखादी चूक सगळा वर्ग करत असेल, उदाहरणार्थ 'दिस चेअर टू हार्ड' असं 'इज' गाळून, तर ती लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी गोष्ट सांगताना तोच शब्द ठळक म्हणा.

तपासणी: गट फिरून बघताना तीनच गोष्टी ऐका. मूल योग्य प्रसंगी योग्य वाक्य म्हणतंय का? 'टू' आणि 'जस्ट राइट' यांत गल्लत होत नाही ना? कार्ड बदललं तर शब्द बदलतो का, की पाठ केलेला क्रमच चालू राहतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'क्रमच चालू राहतो' असेल तर वाडग्यांचा क्रम उलटा करून आणखी एक फेरी घ्या.

टप्पा ७: आता वाचन, मग लेखन

ज्या वाक्यांना मुलांच्या कानात आणि तोंडात जागा मिळाली आहे तीच आता कागदावर दाखवा. वाक्यांच्या पट्ट्या करा, एका पट्टीवर एक वाक्य, ठळक इंग्रजी अक्षरांत. मुलांनी पट्टी चित्राखाली ठेवायची. पुढच्या फेरीत पट्टीतला शेवटचा शब्द कापून वेगळा ठेवा आणि जोडायला सांगा.

लेखन अगदी थोडं. चौथं अस्वल आलं तर त्याचा वाडगा कसा असेल ते मुलांनी काढायचं आणि खाली वाक्य पूर्ण करायचं: 'माय पॉरिज इज टू...' एकच शब्द लिहायचा आहे. ज्यांना झेपेल ती पूर्ण वाक्य लिहितील. दहा वाक्यं वहीत उतरवून आणायला देऊ नका. पाच दिवस जी गोष्ट खेळ होती ती एका गृहपाठाने मुलांच्या नावडीची होते.

टप्पा ८: वाक्य गोष्टीतून बाहेर काढा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा राहून जातो, आणि शिकणं खरं झालं की नाही हे इथेच कळतं. मूल पॉरिजबद्दल 'टू हॉट' म्हणतं. जड दप्तराबद्दल 'टू हेवी' म्हणेल का?

तीन टोप्या, तीन बूट किंवा तीन पिशव्या आणा. एक मोठ्या माणसाची, एक बाहुलीची, एक मुलाच्या मापाची. मुलाने घालून बघायचं आणि वाक्य बोलायचं: 'दिस हॅट इज टू बिग.' 'दिस हॅट इज टू लिटल.' 'दिस हॅट इज जस्ट राइट!' नवीन शब्द लागला तर तो तिथेच, वस्तू हातात असताना द्या. साचा मुलाचा, शब्द तुमचा. मग दिवसभरात संधी मिळेल तिथे वापरा: आवाज फार झाला, 'टू लाउड!', चित्र पुसट आलं, 'टू लाइट', बाक बरोबर सरकवला, 'जस्ट राइट'.

गोष्टीचा शेवटही बदलून बघा. गोल्डीलॉक्स पळाली नाही तर ती काय म्हणेल, असं मुलांना मराठीत विचारा. बहुतेक वेळा 'सॉरी म्हणेल, खुर्ची दुरुस्त करेल' असं उत्तर येतं. मग 'आय ॲम सॉरी', 'लेट मी हेल्प', 'इट्स ओके' ही वाक्यं द्या आणि नवा शेवट गटात करून घ्या. विचार मुलांचा असतो, म्हणून ही वाक्यं त्यांना लगेच बसतात.

दोन आठवड्यांनंतर

गोष्ट मधे बंद ठेवा. साधारण दोन आठवड्यांनी नऊ कार्डं पुन्हा मांडा आणि काही न सांगता पहिला वाडगा उचला. वाक्य आपोआप आलं तर ते पक्कं झालं. शब्द आले, वाक्य नाही, तर पाचव्या टप्प्यातली अर्धवट वाक्यांची फेरी एकदा घ्या. तेवढ्याने ते परत येतं. काहीच आलं नाही, तर बहुधा तिसरा किंवा चौथा टप्पा घाईत झाला होता, तिथून सुरू करा. परीक्षा म्हणून एकेकट्याला विचारू नका, जोडीने विचारा.

पुढची गोष्ट निवडताना अशी बघा, जिच्यात एखादं वाक्य किमान तीनदा येतं आणि या गोष्टीतले काही शब्द पुन्हा भेटतात. तीन डुकरांच्या गोष्टीत घरं आणि दार ठोठावणं आहे, लाल टोपीवालीच्या गोष्टीत 'बिग' आणि शरीराचे अवयव. दोन्हींत मुलांच्या हाती आधीच काहीतरी असेल. नवी गोष्ट निवडली की पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करा, छाटण्यापासून.